लाल कण्याची वही

अकरावी ब. खिडकीतून किल्ला दिसायचा,
जानेवारीच्या धुक्यात तोही नाही.
माझ्याकडे एक लांबट वही होती, पुठ्ठ्याची, लाल कण्याची.
मुलगा मुलीशी बोलला की दोघांची नावं तिच्यात.
दंड पाच रुपये. तिसऱ्यांदा नाव आलं की घरी चिठ्ठी.
मुलींचा जिना पूर्वेला, मुलांचा पश्चिमेला,
मधल्या व्हरांड्यात कुलश्रेष्ठ सर,
हातात पट्टी, गळ्यात बायकोने विणलेला मफलर.

मॉनिटर मीच का?
माझं अक्षर चांगलं, आणि महाडिकांचं घर सरळ,
असं सर आईला म्हणाले, बाड्यावर भाजी घेताना.
आई चार दिवस फुललेली होती.

मी नावं लिहायचे.
रजनी कुशवाह आणि बंटी. बंटीचं खरं नाव विचारून घेतलं.
वसुधा शितोळे, माझी मावसबहीण, दोनदा.
तिने डब्यातला चिवडा देणं बंद केलं.
तारीख, वार, ठिकाण:
नळाजवळ. सायकल स्टँड. लॅबमध्ये,
परीक्षानळीतलं मीठ ओळखता ओळखता.

पुष्पेंद्र भदौरिया भिंडचा, लष्करात मामाकडे राहायला.
मामाच्या वरच्या मजल्यावर एक मराठी बिऱ्हाड.
तिथून त्याने एक वाक्य उचललं, एकच,
आणि प्रार्थनेच्या रांगा एकमेकींना घासून जाताना,
सकाळी साडेसातला, तोंडातून वाफ सोडत,
मला विचारलं,
'जेवलीस का?'

साडेसातला!
हसू आलं ते मी खोकल्यात घातलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.
नोव्हेंबर संपला, स्वेटरांखाली स्वेटर चढले,
रोज मला कुणीतरी जेवणाचं विचारत होतं
आणि त्या वेळी पोटात खरंच काही नसायचं.
मी बोलले नाही.
बोलले असते तर ते दोघांचं बोलणं झालं असतं,
आणि दोघांचं झालं की वही.
नुसती मान. कधी हो, कधी नाही.
मान हलवण्याला दंड नव्हता.

संक्रांतीला डब्यात तिळगूळ नेला.
'घ्या' इथवर ठीक होतं,
पुढचं सगळं नियमाविरुद्ध.
नळाच्या कट्ट्यावर एक वडी ठेवून आले.
ती त्याने खाल्ली की खारीने, हे मी विचारू शकत नव्हते.

सरांनी मग एक दिवस वही उलटी वाचली.
म्हणजे, जे लिहिलेलं नाही ते.
'चवालीस बच्चे. तुम्हें छोड़कर सबके नाम कभी न कभी आए.
ये एक लड़का गूँगा है क्या?'
बोट हजेरीपटावर.

मी पेन उघडलं.
त्याचं नाव लिहिलं, जोडाक्षरांसकट, सुवाच्य.
शेजारचा रकाना मुलीचा.
सर थांबले होते. मफलरची एक वीण सुटली होती,
मी तिच्याकडे बघत राहिले,
आणि लिहिलं: वसुधा शितोळे.

तिचं ते तिसरं.
मावशीने तिला मुरारच्या मुलींच्या शाळेत घातलं.
जाताना ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.
भदौरियाने पाच रुपये भरले, सगळे सुट्टे,
एकेक नाणं टेबलावर वाजवून.

दुसऱ्या दिवशी रांगा घासून गेल्या.
त्याच्या तोंडातून नुसती वाफ.
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत,
शांततेत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने,
मी म्हणाले,
'नाही जेवले.'

तो वळला नाही.
व्हरांड्यात पट्टी एकदा वाजली, मग तीही थांबली.

मधल्या सुट्टीत मीच वही उघडली.
तारीख, वार. ठिकाण: प्रार्थनेचं मैदान.
मुलीचं नाव: वृंदा महाडिक.
मुलाचा रकाना रिकामा सोडला.
नियम नियम होता,
आणि तो काही बोलला नव्हता.